फाट्यावर येतो म्हणालो होतो

—नाय, आधी आत येऊन बस, नवसू. सवाऱ्या जमायला वेळ हाय, तोवर बोलू. तू रोज जव्हारच्या स्टँडवर असा माझ्या जीपसमोर उभा राहतोस, गिऱ्हाईक बिचकतं रे — विचारतात, रोहिदास, हा कोण? काय सांगू? ह्याची बायको बाळंतपणात गेली, पोरही गेलं, नि हा मला धरून बसलाय, असं सांगू?

शब्द दिला होता — दिला. कोण नाय म्हणतं? आदल्या दिवशी बाजारात तू म्हणालास, पोशीचे दिवस भरलेत, ॲम्ब्युलन्सचा भरवसा नाय. मी म्हणालो, उद्या दुपारी बाराला फाट्यावर येतो. बरं. मग सकाळी गोकुळ आपली जीप घेऊन फाट्यावर आला, त्याला तू परत पाठवलंस — का, तर रोहिदासनं शब्द दिलाय. मी सांगितलं होतं परत पाठवायला? शब्द काय, माणूस चहा पिता पिता दहा देतो. त्यावर कुणी समोर आलेली गाडी घालवतं का?

वर पाड्यावर पंच बसवलेस. आलो ना मी? सांगितलं, मोखाड्याच्या रस्त्याला टायर फुटला. पटलं त्यांना. तुला काय पाहिजे तेच कळेना त्यांना — पैसे मागितले असतेस तर देऊन मोकळा झालो असतो. पण तुला नुसतं माझ्या तोंडून पाहिजे, चारचौघांत, की शब्द दिला नि मोडला. त्यानं काय पोशी उठून नाचणी लावायला येणार? तुझी आई सुकरीआजी म्हणाली, मी पोशीपाशी फाट्यावर होते, जीप आली, थांबली नाय, पुढं गेली, मी ऐकलं. पंच हसले. मीपण हसलो. तिला ताटातला भात दिसत नाय, तिच्या कानावर कोण विश्वास ठेवणार? आणि तू तर तिथं नव्हतासच. पोशीला झोळीत घालून खाली आणणारे गडी परत गेलेले, तू टेकडीवर, मोबाईलला रेंज शोधत. मग पाहिलं कुणी? कुणीच नाय.

आणि समज, थांबलो असतो — नुसतं समज — तरी काय? दवाखान्यापर्यंत तासाभराचा रस्ता, त्यात हे खड्डे. त्या दिवशी सीटांना नवीन कव्हरं घातलेली, साखरशेतहून वऱ्हाड आणायचं होतं, नवरी बसायची होती त्यात. त्या सीटवर मी पोशीला कुठं घेणार — पिवळं लुगडं कमरेखाली सगळं लाल, तरी झोळीतून अर्धी उठली, गाडी ओळखली ना तिनं, हात केला, असा, डोक्यावर — हसलीसुद्धा, वाटलं असेल आली एकदाची —

असा बघू नकोस.

लोकं सांगतात. फाट्यावर असेल कुणी, त्यानं सांगितलं. कुणी म्हणजे — मला काय नाव माहीत?

टायर फुटला होता. पंचांनी मानलंय ते, आता परत पंच बसायचे नाय. कोर्टात जायचं तर जा, तो समोर रस्ता. तिथं विचारतील, लिहून घेतलं होतंस का? साक्षीदार कोण? मग आण म्हातारीला पाठीवर घालून.

हात काढ माझ्या गळ्यावरून. काढ. बघतात सगळे.

हां. असा.

आईला यातलं काय सांगू नकोस. उगाच जिवाला लावून घेईल की आपण खरं बोललो होतो. चल, उतर आता. सवाऱ्या आल्या.