कोणत्या मजल्यावर

(वर्ध्यातली मन-संशोधन संस्था. संचालक डॉ. धनंजय यांच्या खोलीत संस्थेच्या भाषाशास्त्रज्ञ दीपमाला आणि अल्लीपूरच्या आनंदाबाई.)

धनंजय: पेशंटला थेट माझ्या खोलीत आणायची ही कुठली पद्धत, दीपमाला?

आनंदाबाई: मी पेशंट नाई. आनंदाबाई हाये मी, अल्लीपूरची.

धनंजय: असाल. (फाईल उघडून) स्मृतिभ्रंश, मध्यम. तीसपैकी अकरा गुण. अहवाल तुमच्या मुलाकडे दिलाय.

आनंदाबाई: त्याच्यासाठीच त आली. तवापासून सून नातवाले माह्याजोळ ठेवत नाई. म्हणते, बुढीचं डोकं गेलं.

दीपमाला: सर, चाचणीत यांना विचारलं होतं, 'आपण सध्या कोणत्या मजल्यावर आहात?'

आनंदाबाई: कवेलूच्या बिनमजल्याच्या घरात बसून इचारून राह्यली तुमची चाचणीवाली पोरगी. मले हासू आलं.

धनंजय: तशी नोंद आहे. 'विनाकारण हसतात.'

आनंदाबाई: कारण तुमाले दिसलं नाई.

धनंजय: तारीखही सांगता आली नव्हती.

आनंदाबाई: अष्टमी सांगतली. तुमच्या पोरीले तिथी समजत नसन, त मी काय करू?

दीपमाला: तेच प्रश्न मी इथल्या बोलीत यांच्यासह चाळीस जणांना पुन्हा विचारले. चौतीस जण ठणठणीत निघाले, याही. दोन बैठकांत सांगितलं तुम्हाला.

धनंजय: आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. संस्था चालवायची म्हणजे कोणाचं किती ऐकायचं हे कळावं लागतं. मेंदूचे डॉक्टर काम करतात, संगणकवाले काम करतात. भाषावाले ठेवावे लागतात, माहितीपत्रकात बरे दिसतात म्हणून.

दीपमाला: माणसांचं नुकसान झालंय. या चाचणीवरचा तुमचा निबंध मागे घ्या.

धनंजय: दोनशे बारा जणांवरचा निबंध, परदेशात छापलेला. एका म्हातारीच्या सुनेपायी मागे घेऊ?

आनंदाबाई: साहेब, तुमी आमच्या गावात कवा आलते?

धनंजय: संचालक गावोगाव हिंडत नसतो.

आनंदाबाई: म्हंजे पाह्यलं नाई, आन सांगून मोकळे.

दीपमाला: निबंध छापणाऱ्या मासिकाला मी पत्र लिहिलंय. चाळीसही जणांचे नवे गुण जोडलेत.

धनंजय: पाठवलंत, तर इथली नोकरी विसरा.

दीपमाला: सकाळीच पाठवलं.

धनंजय: मग निघा. दोघीही.

दीपमाला: चाला, बाई. मासिकवाले उत्तर द्याले महिने लावतीन. तवरक मी तुमच्यासाठी काय करू?

आनंदाबाई: माह्यासंगं घरी ये. माह्ये नवे गुण पोराले दाखोजो. माह्या बोलण्यावर नाई, पण त्याचा कागदावर भरोसा हाये.