सलीमभाईची घार

आमच्या श्रीगोंद्याकडं ड्रोन फिरायला लागले ना, तेव्हाची गोष्ट. लोकांना वाटलं, चोरच टेहळणी करतायत. मटणवाल्या सलीमभाईनं एक घार पिल्लापासून पाळलेली. सरपंच तात्या म्हणाले, "भाई, तिला शिकव की ड्रोन पाडायला."

भाईनं लग्नाच्या फोटोवाल्याचा बंद ड्रोन बांबूला बांधला, वर मटणाचा तुकडा ठेवला. घार लगेच झडप घालायला शिकली.

पुढं खरा ड्रोन आला, त्याचे पंखे चालू होते. घार उसात पडली ती मेलेलीच. ड्रोन तसाच निघून गेला.

तात्या म्हणाले, "लढता लढता गेली. चौकात फोटो लावू तिचा."

सलीमभाई तिचे पंख मिटवत म्हणाला, "लढायला कुठं गेल्ती, तात्या. जेवायला गेल्ती."