गळक्या काचपेटीतला मासा

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न विचारतो, टाळ मग वाजवा. घरात मुका जीव आणता – तो त्यानं जगावं म्हणून, की तुमच्याऐवजी त्यानं मरावं म्हणून? उत्तर सोपं वाटतंय ना? वाटू द्या!

तर एका गावात त्र्यंबकराव नावाचे गृहस्थ. कापडाचं दुकान, कपाळाला ठसठशीत गंध आणि हातात अंगठ्या – इतक्या, की भात कालवायला बोट मोकळं नाही! ग्रह बिघडले की हे देवाकडे जात नाहीत, सल्लागाराकडे जातात. एक वास्तुवाले महाराज त्यांना म्हणाले, "ईशान्येला मासा ठेवा. घरावरचं अरिष्ट तो अंगावर घेतो." झालं! कोणीतरी गाव सोडून चाललं होतं, त्यांची जुनी काचपेटी – तुमच्या भाषेत फिश टँक – स्वारी घरी घेऊन आली. आत एक सोनेरी मासा.

त्यांची पत्नी कुमुदताई. त्यांचा मात्र त्या माशावर जीव जडला. दुपारी घर रिकामं – नवरा दुकानात, मुलगी सासरी. ताई काचेपाशी गेल्या की मासा सुळकन पुढे यायचा. त्या घरात त्यांना बघून पुढे येणारं तेवढंच होतं, मंडळी!

आणि एक दिवस पेटीचा कोपरा गळायला लागला. जुनीच ती. पाणी बोटभर उतरलं, मग वीतभर.

"अहो," ताई म्हणाल्या, "रिकामी करून वाळवायची आणि आतून नवं सिलिकॉन लावायचं. माशांच्या दुकानदारानं सांगितलंय."

त्र्यंबकरावांनी महाराजांना फोन लावला. फोन ठेवून म्हणाले, "ईशान्य कोरडी पडता कामा नये. लक्ष्मी उठून जाते."

"मग नवी आणा."

"पितृपक्षात? नवी वस्तू? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

घ्या! जुनी वाळवायची नाही, नवी आणायची नाही! मग केलं काय या शहाण्यानं? भरल्या पेटीला बाहेरून रंगाऱ्याची लांबी थापली. ओल्या काचेवर! सकाळी बघतात तर लांबी फरशीवर आणि पाणी अजून खाली! मासा बिचारा आडवा होऊन धापा टाकतोय.

ताईंनी टबात पाणी भरून तयार ठेवलं होतं. "निदान ह्यात तरी सोडते त्याला," त्या काकुळतीला आल्या.

"हात लावू नकोस! तो तिथंच पाहिजे. आणि मेला तर वाईट काय त्यात? मासा मेला म्हणजे घरावरचं संकट गेलं. शुभ असतं ते!"

शुभ! ऐकलंत? हा माणूस देवळात घंटा बडवतो, बरं का!

ताई म्हणाल्या, "तुमचं संकट घ्यायला हा आहे ना? मग माझे सोमवार कशाला? लग्न झाल्यापासून तुमच्यासाठी धरतेय, अंगात ताप असतानासुद्धा. आजपासून सोडले!"

त्र्यंबकराव पांढरेफटक! माशासाठी? छे! बायकोसाठी? अहो, नाव सोडा! स्वतःसाठी! "अगं, असं नको करू! पेटी ओत, फोड, काय वाटेल ते कर – पण सोमवार मोडू नकोस!"

ताईंनी मासा आधी टबात सोडला. पेटी उपसली, गच्चीवर उन्हात वाळवली, कोपरा खरवडून आतून सिलिकॉन लावलं, पुरतं सुकू दिलं. मग भरली ती थेट स्वयंपाकघरात. ईशान्य कोरडी ठणठणीत! लक्ष्मी उठून गेली का हो? ती तर ओटा पुसत होती!

आणि पुढच्या सोमवारी ताईंनी नवऱ्यासमोर बसून बशीभर पोहे खाल्ले. वर ओलं खोबरं!

हसलात मंडळी. पुरुषमंडळी जरा जास्तच हसली. आता सांगा, आज वार कोणता? सोमवार! माउलींनो, हात वर करा – आज कोणाकोणाचा उपास? ... बाप रे! आता यांच्या यजमानांपैकी ज्यांचा उपास आहे त्यांनी हात वर करा! ... एकही नाही? मघाशी तर ढेकर इथवर ऐकू आले!

आणि तुम्ही त्र्यंबकरावाला हसता? त्यानं अरिष्ट घ्यायला बाजारातून मासा आणला. तुम्ही तर वाजतगाजत आणलंत! देवाचं नाव घेऊ या, जरूर घेऊ या. पण त्याआधी उठा, पलीकडे बसलीय तिच्याजवळ जा आणि एवढंच विचारा – "काही खाल्लंस का गं?"