मध्यंतरापर्यंत

आप्पासाहेब : तर मग माझं नाव कशाला घालू राहिली त्या पत्रिकेत? मी काय त्या पिच्चरमधला हिरो होतो?

मेघा : हिरो नाही आप्पा, बंद पाडणारे होता. म्हणूनच तर पाहिजे तुम्ही. आमच्या क्लबात रविवारी ‘तिसरा फाटा’ दाखवतोय. चौऱ्याहत्तर सालानंतर या शहरात पहिल्यांदा. सिनेमा संपला की मी बोलणार, मग तुम्ही. मोर्चा का काढला होता तेवढं सांगायचं.

आप्पासाहेब : काढला तो काढला. आता सख्ख्या नातीच्या हातानं माफी मागायला लावता व्हय मला?

मेघा : माफी कुणी मागितली? मी कॉलेजात पोरांना सिनेमा शिकवते. साठ-सत्तरच्या काळात ज्यांच्यावर बोंबाबोंब झाली असे सिनेमे आम्ही पुन्हा बघतोय. तेव्हा लोक का चिडले, आज तो कसा वाटतो, एवढंच.

द्वारकाबाई : अहो, चहा गार होऊ राहिला. मेघा, पिच्चर पुरा सापडला का गं? का नुसता अर्धाच?

मेघा : पुरा, आजी. दिग्दर्शकाच्या पुतण्याकडं माळ्यावर डबे पडून होते. साफसूफ करून कॉम्प्युटरवर घेतलाय.

द्वारकाबाई : मध्यंतराच्या पुढचा बी?

मेघा : पुढचा पण.

आप्पासाहेब : तुला काय करायचंय पुढचं न् मागचं? सबंध पिच्चरच वाया गेलेला होता.

मेघा : पाहिला होता तुम्ही?

आप्पासाहेब : पाहायला कशाला पाहिजे? पोस्टर पाह्यलं ना! गुलमंडीत एवढं थोरलं पोस्टर. चांगल्या खानदानाची सून, डोईवर पदर नाय अन् हातात बिडी. आमच्या शेंद्रा गावच्या बाया त्याच रस्त्यानं बाजाराला जायच्या. म्हटलं, ही काय शोभा झाली? जमवली पोरं, नेली टॉकीजवर.

मेघा : आणि दगडफेक.

आप्पासाहेब : एक दगड नाय! कोण म्हणतं दगडफेक? अदबीत झालं सगळं. मुद्दाम इंटरवलला घुसलो, दिवे लागल्यावर. अंधारात घुसलो असतो तर बायांची चेंगराचेंगरी झाली असती. वरचा जनाना भरलेला होता त्या दिवशी.

मेघा : जनाना म्हणजे बायकांची वेगळी बाल्कनी ना?

आप्पासाहेब : व्हय. वेगळा जिना, वेगळं मागचं दार, म्होरं पडदा. अंधार झाला की पडदा सरकवायचे. निजामाच्या वेळचा दस्तूर. मी सोता मागच्या दाराशी उभा राह्यलो. पोरांना म्हटलं, बाया खाली उतरू राहिल्या, सगळ्यांनी तोंडं भिंतीकडं करा. जो वळून पाहील त्याची गाठ माझ्याशी आहे. अन् पह्यलं तोंड मी भिंतीकडं केलं. एका बाईला धक्का लागला नाय. हे सांग तुझ्या क्लबात. मग पोलिसांनी धरून हर्सूलच्या जेलात टाकलं ते बी सांग.

मेघा : सांगा ना तुम्हीच. पण आप्पा, ज्या बिडीवरून तुम्ही जेलात गेलात, ती बिडी तिची नव्हतीच.

आप्पासाहेब : मंग कुणाची?

मेघा : सासऱ्याची. तो अर्धांगानं पडलेला असतो, हात हलत नाही. सुगंधा, म्हणजे सून, त्याला बिडी पेटवून देते. चुलीतलं लाकूड घेते, एक झुरका मारते आणि त्याच्या तोंडात ठेवते. तेवढाच सीन. पोस्टरवाल्यांनी सासरा कापून टाकला.

द्वारकाबाई : चुलीवर नाय पेटवत. कंदिलाची काच वर करून पेटवती.

मेघा : नाही गं, चूल... थांब. हो, कंदीलच आहे. चूल विझलेली असते. आजी, तुला कसं माहीत? हा सिनेमा नंतर कुठं लागलाच नाही.

आप्पासाहेब : सांगितलं असंल कुणी. बायांच्या गप्पा.

द्वारकाबाई : कुणी कशाला सांगंल? या डोळ्यांनी पाह्यला. जनान्यात बसले होते मी.

आप्पासाहेब : कवा?

द्वारकाबाई : तुम्ही बंद पाडला तवा.

आप्पासाहेब : काय बोलू राहिली तू? नवी नवरी होतीस. घराचा उंबरा ओलांडायला माझ्या आईला विचारावं लागायचं.

द्वारकाबाई : विचारलं की. बांगड्या भरायला जातो म्हटलं. सत्यभामावन्संनी विचारलं, मी नुसती मान हलवली.

आप्पासाहेब : सत्यभामा? माझी सख्खी बहीण? ती बी आत?

द्वारकाबाई : तीच घेऊन गेली. तिकिटं तिनंच काढली.

मेघा : आप्पा, हसू का?

आप्पासाहेब : हास, हास. बाहेर भाऊ घसा फोडून घोषणा देऊ राहिला अन् आत बहीण न् बायको शेंगा खात बसल्या.

द्वारकाबाई : शेंगा कुठल्या? चणे होते. तुमच्या पाठीमागूनच गेलो आम्ही दोघी. तुमचं तोंड भिंतीकडं होतं. सदरा खांद्यावर उसवला होता तुमचा, तो बी दिसला मला. जेलातून सुटून आलात तवा शिवून दिला.

आप्पासाहेब : अन् इतकी वर्षं बोलली नाहीस?

द्वारकाबाई : तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही दर खेपेला भिंतीचीच गोष्ट सांगत आलात. मी ऐकत आले.

मेघा : आजी, म्हणजे तू अर्धाच पाहिलास.

द्वारकाबाई : अर्धाच. ती सुगंधा घर सोडून निघती. सासूच्या डोळ्यात डोळे घालून गाठोडं बांधती. काय बांधती सांगू? एक लुगडं, एक पाटी. शिकायचं असतं तिला. फाट्यावर येऊन उभी राहती. लांबून धुरळा दिसतो, बस येऊ राहिलेली असती. ती हात वर करती, अन् ‘मध्यंतर’ अशी पाटी आली. दिवे लागले. खालून घोषणा ऐकू आल्या, तर आधी मला वाटलं पिच्चरमधल्याच आहेत.

आप्पासाहेब : आमच्या होत्या त्या.

द्वारकाबाई : कळलं मंग. तुमचा आवाज ओळखत होते की. असा राग आला होता मला तुमचा! अजून दहा मिनिटं थांबला असता तर काय बिघडलं असतं? बस तरी बघितली असती.

मेघा : तू खरंच इतकी वर्षं त्या बसचा विचार करत होतीस?

द्वारकाबाई : करत होते म्हणजे? त्याच बसनं गेले मी. माझा डी.एड.ला नंबर लागला होता पैठणला. सासूबाई म्हणाल्या, शेतातलं काम सोडून मास्तरीण व्हायची गरज काय? तुझे आप्पा जेलातून आले, त्यांना सांगितलं. हे आपले गप.

आप्पासाहेब : आईपुढं काय बोलणार होतो मी?

द्वारकाबाई : तेच तर. मंग एक दिवस सकाळी पिशवी घेतली अन् शेंद्र्याच्या फाट्यावर जाऊन उभी राह्यले. कुणी ओळखीचं भेटलं तर काय सांगायचं? बस दिसली अन् हात वर होईना माझा. मंग मनात म्हटलं, सुगंधानं हात केला, बस थांबली, ती चढली. तिला जमलं, तर मला का नाय? केला हात. थेट पैठणला मामाच्या दारात.

आप्पासाहेब : मला आजवर वाटायचं, मी जेलात गेलो म्हणून रागावून गेलीस.

द्वारकाबाई : तुम्हाला काय, सगळं तुमच्यामुळंच झालं वाटतं.

आप्पासाहेब : दोनदा आलो होतो न्यायला.

द्वारकाबाई : अन् दोनदा मामाच्या घरी जेवून परत गेलात. बोलायचं राहूनच गेलं तुमचं. परीक्षा झाली तवा माझी मीच आले.

आप्पासाहेब : बघ मेघा. मी बंद पाडलेल्या पिच्चरनं माझीच बायको पळवली!

मेघा : आजी, ऐक ना. रविवारी तू नको येऊस.

द्वारकाबाई : का गं?

मेघा : ऊन लई आहे. हॉलमधल्या खुर्च्या पण कडक आहेत. तुझे गुडघे...

द्वारकाबाई : गुडघ्यांचं मी बघते. अर्ध्यावर उठून आले तेव्हापासून वाट पाहू राहिले मी. टीव्हीवर लागंल, कुठं जत्रेत लागंल. नाय लागला. अन् तू उन्हाचं सांगू राहिली? बस थांबती ना गं? चढती ना ती?

(मेघा आपले कागद पिशवीत भरू लागते.)

आप्पासाहेब : अगं, चढलीच असंल! ती गेली नसती तर आम्ही मोर्चा कशाला काढला असता?

द्वारकाबाई : तुम्ही थांबा. मेघा, माझं सगळं आयुष्य शाळेत पोरांची तोंडं बघण्यात गेलं. इकडं बघ. सांग.

मेघा : बस थांबते. कंडक्टर विचारतो, कुठं जायचं बाई? ती म्हणते, चुकून हात केला. बस निघून जाते. ती गाठोडं उचलते आणि घरी परत येते. सासूची माफी मागते. नवऱ्याचे पाय धुते. मग तुळशीला पाणी घालते आणि सिनेमा संपतो. रविवारी मी हेच बोलणार होते, आजी. सगळे या सिनेमाला बंडखोर म्हणतात, पण बहुतेकांनी शेवट पाहिलेलाच नाही. मला तर तो घाबरलेला सिनेमा वाटतो.

आप्पासाहेब : पाय धुती? मंग चांगला पिच्चर होता की! हे आधी कुणी सांगितलं नाय आम्हाला. फुकट हर्सूलची हवा खाल्ली.

द्वारकाबाई : चुकून हात केला म्हणती?

मेघा : हो.

द्वारकाबाई : असं म्हणती? पाटी बांधून घेतलेली असती गं तिनं. चुकून कोण पाटी बांधतं?

मेघा : आजी, मी सांगायलाच नको होतं.

द्वारकाबाई : का नको? विचारलं मी. वाईट वाटू राहिलं, खोटं कशाला बोलू? मला वाटायचं, त्या दिवशी फाट्यावर आम्ही दोघी होतो. मी एकटीच होते म्हणायची.

आप्पासाहेब : द्वारका, एक विचारू? त्या दिवशी मी आलोच नसतो, अन् तू पुरा पिच्चर पाह्यला असता, तर?

द्वारकाबाई : तर काय. बांगड्या भरून घरी आले असते. सासूबाईंना दाखवल्या असत्या.

आप्पासाहेब : अन् पैठण?

द्वारकाबाई : कुठलं पैठण? तुमचे पाय धुतले असते.

आप्पासाहेब : म्हणजे मी बंद पाडला म्हणून तू मास्तरीण झालीस!

द्वारकाबाई : लगेच फुगू नका. तुम्ही पोस्टरवरची बिडी बंद पाडायला आला होता.

आप्पासाहेब : पण पाडला ना मी?

द्वारकाबाई : पाडला. बरं केलं. आता खूश? कप द्या इकडं.

मेघा : आजी, मी लिहिलेलं सगळं फाडून टाकते. आता काय बोलू मी रविवारी?

द्वारकाबाई : फाडू नको. घाबरलेलाच आहे तो पिच्चर, खरं ते बोल. पण कंदील चांगला दाखवलाय म्हणावं. अन् ती गाठोडं बांधती तो भाग पोरींना नीट बघू द्या.

मेघा : म्हणजे येशील तू?

द्वारकाबाई : येणार तर. सत्यभामावन्संना बी फोन कर, म्हणावं चणे घेऊन या. तिनं हात वर केला, ‘मध्यंतर’ची पाटी आली, की आम्ही उठणार. पुढचं तुमचं तुम्ही बघा. हॉलला मागचं दार आहे का गं?

मेघा : आहे. दोन पायऱ्या आहेत फक्त.

आप्पासाहेब : अन् मी? मी कुठं बसू?

द्वारकाबाई : तुम्ही कशाला बसता? मागच्या दाराशी उभे राहा. यावेळी तोंड तेवढं भिंतीकडं करू नका.