पाठमोरा बुढा

सन बत्तीसच्या हिवाळ्यात गोंदियाच्या फलाटावर उमराव आपल्या गाठोड्यावर बसून गाडीची वाट पाहत होता. शेजारी नागपूरचे एक मास्तर आपली चित्रांची वही चाळत होते. पलीकडून धुरपताबाई नावाची म्हातारी वहीत डोकावली, तसे उमरावचे कान तिकडे लागले.

“थांबा बाबू, पान पलटवू नका! हा तं आमचा नवेगावचा बांध होय.”

“हो बाई. दोन वर्षांमागं काठावर बसून काढला.”

“अन् हा जाळं फेकून राहिला, तो आमचा बुढा होय.”

“तोंड तर दिसतच नाही. पाठमोराच काढलाय मी.”

“चाळीस वर्सं त्याच्या मांगंमांगं चालली मी. पाठ नाही वळखणार का?”

“कसे आहेत आता?”

“पोळ्याले वरीस झालं त्याले जाऊन.”

उमरावच्या हातातली विडी तशीच विझली.

“हे पान फाडून देतो तुम्हाला. घरी ठेवा.”

“फाडू नका! अर्धं तळं बाजूच्या पानावर आहे. बांध फुटन.”

“मग काय करू, सांगा.”

“तुमी कुठं जाऊन राहिले?”

“कलकत्त्याला. जिथं जाईन तिथलं रोज एक पान काढतो.”

“म्हंजे हा बी तुमच्यासंगं चालला?”

“वही नेहमी सोबतच असते.”

“जलमात रेलमंदी नाही बसला बुढा.”

लांबून गाडीची शिटी ऐकू आली. मास्तरांनी पेटी उघडून वही आत ठेवली. म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

“पेटीत काऊन कोंबता, बाबू? खिडकीपाशी बसवा त्याले.”