गिरणीतलं गाणं

आपल्या सख्ख्या भावामुळे नणंदेचं लग्न मोडेल, अशी भीती तुम्हाला कधी वाटलीय का?

माझा भाऊ सुरेश पुण्यात एका बँडमध्ये होता. यंत्रांच्या खडखडाटावर घशातून गुरगुरत ओरडायचं, हेच त्यांचं गाणं. आधीचे दोन गायक नोकरीला लागले, म्हणून कॅसेट काढायच्या वेळी गायची पाळी याच्यावर आली. केजला माझ्या सासरची पिठाची गिरणी, घराला लागूनच. तिचा आवाज भरायला तो टेपरेकॉर्डर घेऊन आला, आणि त्याच दुपारी आष्टीचे पाहुणे नणंदेला बघायला आले.

मी चहा देत होते, तेवढ्यात गिरणीतून गुरगुर सुरू झाली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

मुलाच्या वडिलांनी विचारलं, "कोन बिमार हाय का?"

"माझा भाऊ आहे. गातोय," मी कसंबसं म्हणाले.

ते उठून थेट गिरणीत गेले. मी मागोमाग धावले.

"पोरा, गळ्यातून कावून वरडतो? रगत येईल," ते सुरेशला म्हणाले. "आमी मेंढरामागं जल्म काढला. पोटातून काढ, आसं." आणि त्यांनी अशी हाळी दिली, की दळणाला आलेल्या बाया बाहेर पळाल्या.

जाताना मुलीबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. सासूबाईंनी रिकामे कप माझ्यापुढे आदळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी होकाराचा निरोप आला, आणि वरातीत सुरेशनं गायचं, एवढीच त्यांची अट होती.