मधलं दार

धाकटी : आणि ताई आली की तुम्ही बाल्कनीत जाऊन उभे राहू नका हं. तिला वाटेल, आपण मजेत आहोत.

नवरा : मग काय करू, कपाटात जाऊन बसू? समुद्र बघायला बोटीवर आलो. आता दिसतोय तर बघू नको म्हणतेस.

धाकटी : बघा. पण तोंड पाडून बघा.

नवरा : हे बघ, पाडलं. एवढं पुरे, की आणखी पाडू?

धाकटी : थट्टा सुचतेय तुम्हाला. मी कालपासून नीट जेवलेही नाही.

नवरा : बोट लागली असेल.

धाकटी : बोट नाही लागली. ताईशी खोटं बोलले मी, सख्ख्या बहिणीशी. काउंटरवरची ती मुलगी हसून म्हणाली, अभिनंदन, तुमची खोली आता दहाव्या मजल्यावर, बाल्कनीसकट. ताई माझ्याकडे बघायला लागली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘कंपनीनेच बदलली वाटतं गं.’ वाटतं म्हणे! स्वतःच्या हाताने बोली लावलेली आणि वर वाटतं!

नवरा : मीही शेजारी उभा राहून मान डोलावली. त्यामुळे निम्मं खोटं माझ्या नावावर लिही.

धाकटी : तुम्हाला तेव्हा कुठे माहीत होतं?

नवरा : अगदीच नव्हतं असं नाही. तू दुकानात बसून फोनवर तो बाण सरकवत होतीस, तेव्हा मी समोरच एका चष्म्याच्या काचा बसवत होतो. मी विचारलं, काय चाललंय? तर म्हणालीस, बोटीवरच्या चांगल्या खोलीसाठी बोली लावता येते, गंमत म्हणून बघतेय.

धाकटी : गंमतच होती ती. मेल आली होती. तुमची आहे ती खोली ठेवा, नाहीतर वरच्या खोलीसाठी बोली लावा, रिकामी राहिली तर देऊ. खाली रक्कम कमीजास्त करायला एक बाण. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवं. मी लालच्या आसपासच ठेवला. ‘शक्यता कमी’ असं स्पष्ट लिहिलं होतं हो त्याच्याखाली.

नवरा : आणि बोली लागली तर आधीची खोली सोडावी लागेल, हे नव्हतं लिहिलं?

धाकटी : लिहिलं होतं.

नवरा : वाचलंस?

धाकटी : वाचलं.

नवरा : मग मी गप्प बसतो.

धाकटी : नका गप्प बसू. तुम्ही गप्प बसलात की मला जास्त वाईट वाटतं. ताई यायलाच तयार नव्हती. मीच महिनाभर मागे लागले. तू कधी समुद्रावर गेली नाहीस, सगळा जन्म टेलिफोन एक्स्चेंजच्या त्या खुर्चीत गेला, आता तरी चल. तर शेवटी काय म्हणाली? ‘मधे दार असलेल्या खोल्या मिळत असतील तर येते.’ एजंटला स्वतः फोन करून तिने त्या मिळवल्या. खिडकी नसली तरी चालेल म्हणाली, पण मधलं दार हवं.

नवरा : आणि आता दाराच्या पलीकडे कोण आहे?

धाकटी : कोणीतरी परका माणूस. आज सकाळी ती चहाचे दोन कप घेऊन त्या दाराशी गेली. विसरली बिचारी, सवयीने गेली. मला फोनवर हसत हसत सांगत होती. हसत! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवरा : काउंटरवर विचारलंस का पुन्हा?

धाकटी : मघाशी तेच तर करून आले. म्हटलं, मला जुनी खोली परत द्या, ही नको. ती मुलगी माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी चालत्या बोटीतून उडी मारायची परवानगी मागतेय. बोट भरलीय म्हणे. बोली लागली म्हणजे लागली, परत घेता येत नाही.

नवरा : मग सोपं आहे. मी खाली जातो ताईंच्या खोलीत, ताई इथे तुझ्याजवळ येतील. मला खिडकी नसली तरी काय फरक पडतो? दुकानाच्या मागच्या खोलीत दिवसदिवस काचा घासतो मी, तिथे कुठे समुद्र दिसतो? तुम्ही दोघी बहिणी बसा बाल्कनीत गप्पा मारत. काय?

(धाकटी पलंगावरची चादर सारखी करायला लागते.)

नवरा : काय म्हणतोय मी? ऐकलंस का?

धाकटी : ऐकलं.

नवरा : मग करू ना फोन ताईंना?

धाकटी : थांबा जरा.

नवरा : आता कशाला थांबायचं? एवढी तळमळत होतीस. मार्ग सापडला तर चेहरा का उतरला?

धाकटी : काही नाही.

नवरा : अगं, लोकांना लांबचं दिसतं की जवळचं, हे ओळखण्यात माझा जन्म गेला. बोल.

धाकटी : तुम्हाला सांगितलं तर तुम्ही मला वाईट म्हणाल.

नवरा : तू आजवर मला कितीदा म्हणालीस. एकदा मी म्हणेन, त्यात काय.

धाकटी : मला बाल्कनी नको होती हो. समुद्रही नको होता. तो बाण सरकवताना माझ्या मनात एकच होतं, की आठ दिवस कुणी सकाळी दार वाजवणार नाही. आठ दिवस मी कितीही वाजता उठेन. केस न विंचरता बसेन. तुमच्याशी भांडले तर मोठ्याने भांडेन. पलीकडून कुणी ‘बेबी, काय झालं गं’ म्हणून विचारणार नाही.

नवरा : हं.

धाकटी : म्हणा ना काहीतरी.

नवरा : घरच्या मधल्या दाराला आपल्या बाजूने एक कडी बसवून घेऊ, असं मी कधीचं म्हणतोय. सुतार आपल्याच गल्लीत बसतो.

धाकटी : कसं सांगणार होते मी तिला? पहिलं दुकान बुडालं तेव्हा राहायला जागा नव्हती आपल्याला. तिने स्वतःच्या घराच्या मधोमध भिंत घातली आणि निम्मं घर आपल्याला दिलं. त्या भिंतीत फक्त एक दार ठेवलं. त्या दाराला मी आतून कडी लावू? तिच्याच घरात, तिच्याच तोंडावर?

नवरा : म्हणून तोंडावर न लावता समुद्रात येऊन लावलीस.

धाकटी : म्हणाले होते ना मी, तुम्ही वाईट म्हणाल.

नवरा : वाईट नाही म्हणत. रोज उजाडताच दार वाजलं की मीही डोक्यावर पांघरूण घेतोच की. पण मग ही गोष्ट खोलीची नाही, आणि खोली बदलून मिटायचीही नाही. तिला खरं सांगून टाक.

धाकटी : कशाला सांगू? तिला कळणार थोडंच आहे. तिच्या फोनवर मेल येते, हे तरी तिला कुठे ठाऊक असेल. नुसती नंबर फिरवते आणि बोलते. उगाच सांगून तिचं मन कशाला मोडायचं? मी रोज खाली जाऊन बसेन तिच्याजवळ. जेवायला तिच्याबरोबर, फिरायला तिच्याबरोबर. भरपाई करेन सगळी.

नवरा : भरपाई करता येते, पण ती कशाची, हे समोरच्याला माहीत लागतं.

(दारावर टकटक. थोडं थांबून, पुन्हा.)

धाकटी : तीच आहे. अहो, बाल्कनीचं दार लावा. नको, राहू दे. नाही, लावा!

नवरा : मी तोंड पाडू का सरळ ठेवू, तेवढं सांग.

ताई : अगं, उघडताय की नाही? मला वाटलं, पुन्हा चुकले.

धाकटी : ये ना ताई. एकटी कशी आलीस एवढ्या वर? मी येणारच होते खाली.

ताई : न यायला काय झालं? लिफ्टमधून बाहेर पडले तर सगळीकडे तोच गालिचा, तीच दारं. जिकडे बघावं तिकडे तेच. शेवटी झाडू मारणाऱ्या एका पोराला खोलीचा नंबर लिहून दाखवला. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला येत नाही, पण थेट दारापर्यंत सोडून गेला. हे घे आधी. तुझ्या बोट लागायच्या गोळ्या. सगळी औषधं माझ्याच पिशवीत राहिली. जवळच असणार म्हणून मीच ठेवली होती ना.

धाकटी : ताई...

ताई : आणि तुमच्या ब्लडप्रेशरच्याही आहेत यात. सकाळची घेतली नसेलच.

नवरा : नाही घेतली. विसरलो.

ताई : विसरणारच. आठवण करायला कोणी नव्हतं. अरे वा! बाल्कनी मोठी आहे की. दोन खुर्च्यासुद्धा. छान आहे गं खोली, बेबी. माझ्याकडे भिंतीवर समुद्राचा फोटो लावलाय, बरोब्बर पलंगासमोर.

नवरा : ताई, आम्ही आत्ताच बोलत होतो. तुम्ही इथे या राहायला, मी जातो खाली.

ताई : छे छे. तुम्ही घोरता, तुम्हाला बंद खोलीच बरी, हे खरं. पण नको. एका खोलीत एक माणूस नीट झोपतं. आज पहाटे मात्र फजिती झाली बरं का. बेबीला सांगितली मी. दोन कप हातात, बोटीवर कसला चहा मिळतो ठाऊक आहे ना, नुसतं गरम पाणी. दार वाजवलं. आतून पुरुषाचा आवाज आला, भलत्याच भाषेत. मी पटकन म्हटलं, ‘राँग नंबर.’ इतक्या वर्षांची सवय हो.

नवरा : मग चहाचं काय केलंत?

ताई : दोन्ही कप मीच प्यायले. टाकायचा कशाला.

धाकटी : ताई, मला तुला काहीतरी सांगायचंय.

ताई : गोळी घे आधी. पाणी आहे का इथे?

धाकटी : नको गोळी. ऐक. ही खोली कंपनीने आपणहून दिली नाही. मी बोली लावली होती. मेल आली होती, त्यात बाण होता, मी तो सरकवला. तुला न सांगता. मला माहीत होतं, लागली तर आपल्या खोल्या लांब जातील. तरी लावली. आणि काल तुझ्यासमोर खोटं बोलले.

ताई : हो.

धाकटी : हो काय, ताई?

ताई : माहीत आहे मला.

नवरा : कोणी सांगितलं तुम्हाला? मी नाही हं.

ताई : कोणी कशाला सांगायला हवं? काल ती मुलगी अभिनंदन म्हणाली ना. कंपनीने आपणहून माणसाला इकडून तिकडे हलवलं की सॉरी म्हणतात. अभिनंदन म्हणजे तुम्ही काहीतरी मागितलं होतं आणि ते मिळालं. आणि तशी मेल मलाही आली होती, बेबी. माझी खोली माझ्या नावावर आहे ना.

धाकटी : तुला आली? तू वाचलीस?

ताई : वाचली. बाणसुद्धा सरकवला. मी तर हिरव्याच्या पार टोकाला नेला होता. म्हटलं, आयुष्यात एकदा खिडकीतून समुद्र बघावा. मग मनात आलं, विचारून घ्यावं. एजंटला फोन लावला. विचारलं, दोन्ही खोल्या एकदम वर जातात ना? तो म्हणाला, नाही बाई, ज्याची बोली त्याची खोली. तुम्ही वर जाल, बहीण खाली राहील, मधलं दार जाईल. मग बाण पुन्हा मागे आणून ठेवला.

धाकटी : मग कालपासून तू एक शब्द बोलली नाहीस.

ताई : तू बोलशील म्हणून थांबले. बोललीस की. बरं वाटलं.

धाकटी : नको असं बोलूस. त्यापेक्षा रागाव ना. लहानपणी रागवायचीस तशी रागाव.

ताई : रागावण्यासारखं काय आहे त्यात? मला एकच सांग, आणि खरं सांग. तुला खोली हवी होती, का दार नको होतं?

नवरा : ताई, ती काय म्हणतेय की...

ताई : तुम्ही मधे नका येऊ. ती सांगेल.

धाकटी : दार नको होतं, ताई.

ताई : हं.

धाकटी : तुझ्यामुळे नाही गं. तू काहीच चुकीचं केलं नाहीस. तूच सगळं दिलंस आम्हाला. मीच कृतघ्न आहे. मला नुसतं एकदा, थोडे दिवस...

ताई : रडू नकोस. मी काय म्हणते ते ऐक. आई गेली तेव्हा तू एवढीशी होतीस. रात्री दार उघडं असल्याशिवाय झोपायचीच नाहीस. लोटलं तरी ओरडायचीस. मी उठून बघून जायचे, की आहे ना, श्वास चाललाय ना. सकाळी पहिलं तेच. पुढे तू मोठी झालीस, लग्न झालं, केस पांढरे झाले. मला वाटत राहिलं, अजून तसंच आहे.

धाकटी : ताई, उद्या सकाळी वर ये चहाला. दार वाजव. मी उठून बसेन. मी खरंच बसेन.

ताई : नाही, तू झोप. मी डेकवर जाऊन समुद्र बघेन. तिथे सगळ्यांना सारखाच दिसतो. तुला जाग आली की फोन कर, मी उचलते.

नवरा : मी येऊ का ताई तुमच्याबरोबर डेकवर? मला जाग येतेच.

ताई : या की. पण गोळी घेऊन या. आणि बेबी, घरी गेलो की आपल्या गल्लीतल्या सुताराला निरोप दे. मधल्या दाराला कडी फक्त माझ्याच बाजूने आहे. एक तुझ्या बाजूने बसवून घे.